गाठोड्याची शेवटची आवृत्ती

"हे दोन ठिपके कुठे गेले, तेवढं सांगा मला," कानाच्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी लॅपटॉप टेबलावर असा ठेवला, की लंबूच्या कपातला चहा हिंदकळून बशीत आला.

कानाच्या बाई म्हणजे हॉस्पिटलातल्या श्रवणतज्ज्ञ. लहान मुलांचे कान तपासायचे आणि गरज असेल त्यांना कानाचं मशीन बसवून द्यायचं, हे त्यांचं काम. त्या तपासणीचे आकडे जपून ठेवणारं सॉफ्टवेअर या ऑफिसचं. एरवी बाई फोनवरूनच सगळ्यांना फैलावर घेत. आज त्या जातीने आल्या होत्या, जिने चढून दम लागला होता, तरी बसायला तयार नव्हत्या.

"कुठले ठिपके?" लंबूने विचारलं. त्याचं खरं नाव ऑफिसात कोणी घेत नसे. दारातून वाकून आत येणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार.

"इथले. सात वर्षांची पोर आहे. जाड आवाज तिला तुमच्या-माझ्यासारखे ऐकू येतात. बारीक आवाज कमी येतात, म्हणून मशीन दिलं. जाड आवाजांना तिला शून्य मिळालंय, मी स्वतः चाचणी घेतलीय. आता तुमची फाईल उघडली तर ते शून्यवाले दोन्ही ठिपके गायब. तिथं कोरं."

"म्हणजे चाचणी घेतलीच नाही असं दिसतंय."

"दिसतंय ना? आणि मशीन जुळवणारा प्रोग्राम कोरी जागा बघून गप्प बसत नाही. शेजारचे आकडे बघतो आणि अंदाजाने भरून टाकतो. त्याने जाड आवाजसुद्धा वाढवून दिले. पंखा, गाड्या, वर्गातली बाकं सरकवणं, सगळं पोरीच्या कानात धडाधड. महिनाभर ती मशीन काढून फेकतेय आणि आई तिला हट्टी म्हणून रागावतेय." बाईंचा आवाज खाली आला. "मीसुद्धा रागावले तिला, गेल्या वेळी."

पलीकडच्या टेबलावरून ताई उठून आली आणि लंबूच्या खांद्याआडून पडद्याकडे बघू लागली. ऑफिसात तिला सगळे ताई म्हणत. साहेबही म्हणत, कारण ते वयाने तिच्यापेक्षा बरेच लहान होते आणि या सॉफ्टवेअरचा पाया तिच्या हातचा होता. कानाच्या हिशेबात शून्य म्हणजे पैकीच्या पैकी. निरोगी कानाला जेमतेम ऐकू येणारा आवाज, त्याला शून्य म्हणतात. आणि कोरी जागा म्हणजे आम्हाला माहीत नाही. या दोहोंची गल्लत होऊ नये एवढ्यासाठी तिने कधीकाळी कितीतरी संध्याकाळी घालवल्या होत्या.

"लायब्ररी," लंबू पुटपुटला. "दुसरं काय असणार. थांबा, दोन मिनिटं."

लायब्ररी म्हणजे इथे पुस्तकांची नव्हे. दुसऱ्याने लिहून, घासूनपुसून ठेवलेला तयार कोड, जो आपण आपल्या प्रोग्रामात जोडून घ्यायचा. या लायब्ररीचं काम एवढंच, की प्रोग्रामातली माहिती फाईलीत नीट भरायची आणि नंतर होती तशी बाहेर काढायची. घर बदलताना सामान खोक्यांत भरतात आणि नव्या घरात जिथलं तिथं लावतात, तसं. सामान लावून झाल्यावर एखादी वस्तू सापडेनाशी झाली, तर दोष खोकी भरणाऱ्याचा.

ऑफिसात गेली काही वर्षं वापरात होती त्या लायब्ररीचं नाव 'गाठोडं'. कोणा 'गाठोडेवाला' नावाच्या माणसाने ती लिहून सगळ्यांसाठी फुकट ठेवली होती. अलीकडे एका मोठ्या कंपनीची नवी लायब्ररी आली होती आणि जुनी ठेवायची की नवी घ्यायची, हे ठरवायचं काम साहेबांनी ताईवर सोपवलं होतं. ते ती आज करू, उद्या करू म्हणत लांबणीवर टाकत आली होती. तिच्यासारख्या बाईला ते शोभत नव्हतं. लंबूने तसं एकदा बोलूनही दाखवलं होतं.

लंबूने त्या पोरीचे मूळ आकडे नव्या लायब्ररीतून भरले आणि बाहेर काढले. दोन्ही ठिपके जागच्या जागी आले. मग गाठोड्यातून भरले. ठिपके गेले.

"बघा," तो म्हणाला.

साहेब आपल्या खोलीतून बाहेर येऊन उभे राहिले होते. त्यांनी बाईंची माफी मागितली, आकडे लगेच नीट करून देऊ म्हणाले, किती मुलांच्या फाईली बिघडल्या ते आजच्या आज शोधायला सांगितलं. जाता जाता ते तिच्या टेबलापाशी थांबले.

"ताई, ते जुनं-नवं तुम्ही बघताय ना? आता जास्त नका ताणू. संध्याकाळपर्यंत मला काय ते एक सांगा."

"सांगते," ती म्हणाली.

गाठोड्यात आजवर झालेला प्रत्येक बदल नोंदलेला होता. कोणीही उघडून बघावा. ठिपके गाळणारा बदल तिने शोधून काढला, पण शोधावा असा लागलाच नाही. पडद्यावर तो दिसण्याआधीच तो कुठला असणार हे तिला ठाऊक होतं. पूर्वी तिथे चांगल्या आठ-दहा ओळी होत्या. आकडा दिलाय का, दिला नसेल तर तशी खूण कर, शून्य दिलं असेल तर शून्यच लिही. त्या सगळ्या पुसून तिथे एकच सुटसुटीत ओळ बसवली होती: काही असेल तर लिही. आणि ज्या भाषेत हे लिहिलं होतं, त्या भाषेत शून्य म्हणजे काही नसणंच. हे शिकाऊ पोरांनासुद्धा पहिल्या आठवड्यात सांगतात.

ती ओळ तिच्या नवऱ्याने लिहिली होती.

गाठोडेवाला तिचा नवरा होता. हे ऑफिसात कोणाला माहीत नव्हतं. नोकरीला लागली तेव्हा तिनेच ही लायब्ररी सुचवली, आणि आपल्या नवऱ्याचं घोडं पुढे दामटलं असं कोणी म्हणू नये म्हणून तेव्हा गप्प बसली. मग सांगायची वेळ निघून गेली. चांगली वर्षं होती ती. नवरा दिवसा दुसरीकडे नोकरी करायचा आणि घरी आला की जेवणाच्या टेबलावर गाठोडं सोडून बसायचा. जगातून कोणीकोणी माणसं त्याला लिहायची, हे चालत नाही, ते चालत नाही, आणि तो एकेकाला उत्तरं द्यायचा. त्यातून एक पैसा मिळत नव्हता. पण "आज एकाने थँक्यू म्हटलं," असं सांगताना त्याचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

मग दोनेक वर्षांपूर्वी त्याला झटका आला. उजवा हात गेला आणि शब्द गेले. पुरते गेले नाहीत. तोंडाशी येत आणि परत फिरत. समोरच्याचं बोलणं त्याला कळायचं, वाचलेलं बरंचसं कळायचं, पण पहिल्या वर्षातलं काय काय त्याच्या डोक्यातून पुसलं गेलं याचा पत्ता कोणालाच नव्हता. नोकरी सुटली. उरलं ते गाठोडं. रोज सकाळी आंघोळ करून, शर्टाची बटणं डाव्या हाताने लावून, तो खिडकीजवळच्या कॉम्प्युटरपाशी बसायचा आणि कोणी काही लिहिलंय का ते बघायचा. लिहिणारे हळूहळू कमी झाले होते. लोक नव्या लायब्ऱ्यांकडे गेले होते. आताशा लिहायचा तो मुख्यत्वे लंबू.

आणि लंबूला उत्तरं द्यायची ती. संध्याकाळी ऑफिसातून आली की नवऱ्याशेजारी खुर्ची ओढायची आणि म्हणायची, "तू सांग, मी टाइप करते." तो एखादा शब्द बोलायचा, कधी नुसतं "हं" म्हणायचा, आणि तिची बोटं भराभर चालायची. दुरुस्त्या तिच्या, उत्तरं तिची, खाली नाव गाठोडेवाल्याचं. तो सांगतोय आणि आपण फक्त टाइप करतोय, असं त्याला वाटावं एवढीच तिची इच्छा होती, आणि तसंच त्याला वाटतंय अशी तिची खात्री होती. दुसऱ्या दिवशी लंबू समोर बसून म्हणायचा, "हा गाठोडेवाला भला माणूस दिसतो, ताई. लगेच उत्तर देतो. दिवसा मात्र कधी देत नाही, झोपत असेल बहुतेक." ती म्हणायची, "असेल बाबा."

फक्त ती एक ओळ त्याची होती. आजारानंतरच्या पहिल्या वर्षातली. ती स्वयंपाकघरात होती आणि त्याने हाक मारली. हाक म्हणजे "ए" एवढंच, पण कितीतरी महिन्यांनी मारलेली. ती हात पुसत बाहेर आली. त्याने एकट्याने, डाव्या हाताने, दिवसभर खपून काहीतरी लिहिलं होतं. "बघ," तो म्हणाला. "बघ." आणि हसला. चेहऱ्याच्या एकाच बाजूने, पण हसला. तिने बघितलं. ओळ नीटनेटकी होती. तिच्या मनात कुठेतरी टोचलं, शून्याचं काय होईल बघायला हवं. हे तपासायला तिला एक मिनिट लागलं नसतं. पण तो शेजारी बसला होता, तिच्या तोंडाकडे बघत. त्याच्यासमोर ते तपासायला घेणं म्हणजे मास्तरणीने लाल पेन हातात घेण्यासारखं झालं असतं. "छान झालंय," ती म्हणाली आणि होतं तसं तिने ते जगापुढे ठेवलं. नंतर बघू म्हणाली, आणि नंतर विसरली. ऑफिसात बराच काळ जुनीच आवृत्ती चालू होती. मागच्या महिन्यात लंबूने नवी चढवली, तेव्हाही तिला आठवलं नाही.

आता आठवत होतं. त्याचं ते हसणंही आठवत होतं आणि मशीन काढून फेकणारी, हट्टी म्हणून बोलणी खाणारी पोरही डोळ्यांसमोर येत होती. दोन्ही एकदम सोसणं कठीण होतं.

ती कामाला लागली. लंबूला शेजारी बसवून घेतलं आणि दोन्ही लायब्ऱ्या एकेका कसोटीला लावल्या. मोठी फाईल नवीने बटणावरून बोट उचलायच्या आत वाचली. गाठोड्याला वेळ लागला. जुनाट, बंद पडलेल्या यंत्रांच्या वेड्यावाकड्या फाईली गाठोड्याने निमूट वाचल्या; नवी अडून बसली.

"इथे जुनी जिंकली," लंबू म्हणाला. त्याचा स्वभाव सरळ होता, नव्याची बाजू घ्यायची म्हणून तो खोटं बोलत नसे. "पण ताई, नवी निदान बोंबलते तरी. मला वाचता येत नाही म्हणते. जुनी गपचूप काहीतरी समजून घेते. मला बोंबलणारी परवडली."

"मलापण."

"तसं बघितलं तर हे शून्याचं एका ओळीचं काम आहे. ती ओळ बदलली की गाठोडं ठणठणीत. मग कशाला एवढं सगळं उकरायचं? नवी घ्यायची तर आपला अर्धा कोड पुन्हा लिहावा लागेल." त्याने मान खाजवली. "गाठोडेवाल्याला कळवलं की तो करून देईल. नेहमीसारखा."

वाट उघडी होती. एक ओळ बदलायची, गाठोडं ठेवायचं, साहेब खर्च वाचला म्हणून खूश, लंबू काम वाचलं म्हणून खूश, आणि घरी खिडकीजवळ बसणाऱ्या माणसाला रोज सकाळी कोणीतरी लिहीत राहील. कोणाला पत्ता लागला नसता. ती पाण्याची बाटली घेऊन उठली आणि जिन्यात जाऊन उभी राहिली.

अडचण ओळीची नव्हती. अडचण अशी होती, की उद्या त्याने पुन्हा "ए" अशी हाक मारली आणि दुसरी एखादी ओळ दाखवली, तर ती पुन्हा "छान झालंय" म्हणणार होती. स्वतःला ती ओळखून होती. त्याच्या हसण्यापुढे तिचं शहाणपण टिकत नव्हतं. जिला नाही म्हणता येत नाही तिने पोरांच्या कानांचे आकडे राखू नयेत. पण हे कारण साहेबांना लिहून देता येण्यासारखं नव्हतं.

जागेवर येऊन तिने अर्ध्या पानात लिहिलं, की नवी लायब्ररी घ्यावी. गाठोडं सांभाळणारं खात्रीचं कोणी नाही. ते वाक्य लिहिताना तिला रडू आलं आणि तिने ते खोकल्यात लपवलं. साहेबांना पान पाठवून दिलं.

"ठरलं?" लंबूने विचारलं.

"ठरलं. नवी."

"बरं. मेहनत आहे, पण बरं." मग तो म्हणाला, "मी गाठोडेवाल्याला पण कळवून टाकलं मघाशी. तुम्ही बाहेर गेला होतात तेव्हा. दुसरे कोणी वापरत असतील तर त्यांचं नुकसान नको व्हायला. सगळं लिहिलं, ती ओळ दाखवली, त्या पोरीचं पण लिहिलं. वाईट वाटेल त्याला, पण कळायला हवं ना."

तिने घड्याळाकडे बघितलं नाही, पर्स उचलली.

"ताई, बरं नाही का?"

"घरी जाते जरा," ती म्हणाली.

दार आक्कांनी उघडलं. आक्का म्हणजे तिची थोरली नणंद. वरच्याच मजल्यावर राहायच्या आणि ती ऑफिसात असताना भावाजवळ शब्दकोडी सोडवत बसायच्या.

"लवकर आलीस, बरं झालं," आक्का दबक्या आवाजात म्हणाल्या. "दुपारी काहीतरी आलंय त्याला. तेव्हापासून नुसता पडद्याकडे बघत बसलाय. जेवला नाही. काय झालं रे विचारलं तर म्हणे हं. लहानपणीही असाच होता म्हणा, तेव्हा तर झटकाही आला नव्हता." त्या हसायला गेल्या आणि हसू मध्येच राहिलं. "ऑफिसचं काही आहे का गं?"

"त्याच्या कामाचं आहे, आक्का. मी बघते."

"मग मी वर जाते. लागलं तर हाक मार."

तो खिडकीजवळ पाठमोरा बसला होता. मागून त्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा खाली दिसे. रस्त्यावरून शाळेची मुलं घरी चालली होती, त्यांचा गलका वर येत होता. तिने चपला काढल्या, पर्स ठेवली, आणि त्याच्याशेजारी नेहमीची खुर्ची ओढली. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, ते सगळं आता नकोसं वाटत होतं.

पडद्यावर लंबूचं लांबलचक पत्र होतं. बाजूला ती ओळ उघडून ठेवलेली होती. तिच्याखाली, सगळ्या बदलांखाली असायचं तसंच, नाव होतं गाठोडेवाला.

"चूक," तो म्हणाला. डाव्या हाताचं बोट त्याने ओळीवर टेकवलं.

"हो," ती म्हणाली.

"मोठी."

"हो रे. मोठीच आहे."

तो तिच्याकडे वळला. त्याचे डोळे भरले असतील, तो चिडला असेल, अशी तिने तयारी केली होती. तसं काही नव्हतं. तो तिच्याकडे काळजीने बघत होता. मग त्याने आपला डावा हात उचलून तिच्या मनगटावर ठेवला.

"असू दे," तो म्हणाला.

तिला कळेना.

"होतं," तो म्हणाला. एकेक शब्द हुडकून आणावा लागत होता. "तू... दमतेस. ऑफिस. मग... मी. मग हे." त्याने पडद्याकडे हनुवटी केली. "किती... करशील."

तेव्हा तिच्या लक्षात आलं. ती ओळ आपण लिहिली हे त्याला आठवत नव्हतं. ती संध्याकाळ, ती हाक, ते बघ-बघ, त्यातलं काहीच त्याच्यापाशी उरलं नव्हतं. ओळ तिची आहे असं तो समजत होता.

"पण मी तर..." ती म्हणाली, "तू सांगायचास आणि मी फक्त टाइप..."

त्याने मान हलवली. अर्ध्या चेहऱ्याने, थोडंसं, तो हसला. "मी कुठे... काय सांगायचो. नुसता... हं." तो थांबला, पुढचा शब्द येईपर्यंत तिच्या मनगटावरचा हात त्याने तसाच ठेवला. "माहितेय मला. पहिल्यापासून. सगळं... तूच."

खाली मुलांचा गलका कमी होत गेला. खरं काय ते तिच्या ओठांवर आलं होतं. सांगितलं असतं तर ते खरं ठरलं असतं आणि त्याचा काही उपयोग झाला नसता. ज्याच्याकडून इतकं काही गेलं होतं, त्याला आज कितीतरी दिवसांनी दुसऱ्या कोणाला तरी सांभाळून घ्यायला मिळत होतं. ते त्याच्याकडून काढून घ्यायचा तिला धीर झाला नाही.

"बघायचं राहून गेलं माझ्याकडून," ती म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं, आणि म्हणून ते बोलणं आणखीच जड गेलं.

"असू दे," तो पुन्हा म्हणाला. मग, "पोर?"

"बरी आहे. मशीन नीट करून देणार आहेत तिला. कानाला काही झालेलं नाही."

त्याने मोठा श्वास सोडला.

"दुसरी," तो म्हणाला. "नवी. चांगली?"

लंबूने पत्रात तेही लिहिलं होतं तर. "चांगली आहे," ती म्हणाली. "शून्य नीट राखते. चुकलं तर सांगते. ऑफिसने तीच घ्यायची ठरवली." आणि मग, आता लपवण्यात अर्थ नव्हता म्हणून, "मीच ठरवलं. आज."

तिला वाटलं होतं, हे ऐकून तो हात काढून घेईल. त्याने हात काढला, पण तिच्या पाठीवर ठेवायला.

"बरं केलंस," तो म्हणाला.

मग त्याने तिच्याकडून ती ओळ दुरुस्त करून घेतली. तिने जुन्या आठ-दहा ओळी परत आणून बसवल्या. ती उठणार तोच त्याने बोट वर केलं. "शून्य," तो म्हणाला. "तपास." तिने शून्य घालून बघितलं, शून्य बाहेर आलं. कोरं ठेवून बघितलं, कोरं राहिलं. त्याने आणखी एकदा तपासायला लावलं. पूर्वी जेवणाच्या टेबलावर असाच तो तिला पुन्हा-पुन्हा तपासायला लावायचा आणि ती वैतागायची. आज ती वैतागली नाही. त्याने मान डोलावल्यावर तिने नवी आवृत्ती जगापुढे ठेवली.

"झालं," ती म्हणाली. "आता लंबूला उत्तर लिहू? तू सांग, मी..."

त्याने कीबोर्ड स्वतःकडे ओढून घेतला.

लंबूला नव्हे, तो सगळ्यांसाठी लिहीत होता. गाठोड्याच्या पहिल्या पानावर, जिथे नवीन माणूस आला की आधी वाचतो. एकेक अक्षर शोधत, चुकलं की पुसत. बोलण्यापेक्षा लिहिताना त्याला शब्द थोडे बरे सापडत, पण जोडून वाक्य होत नसे. बराच वेळ लागला. तिने मदत केली नाही.

गाठोडं बंद. ही शेवटची आवृत्ती. शून्य गळत होतं. दुरुस्त. आता दुसरी घ्या.

"नीट करून देऊ का वाक्यं?" तिने विचारलं. त्याने नको म्हणून मान हलवली. त्याचं अजून संपलं नव्हतं. तो थोडा थबकला, डोळ्यांच्या कोपऱ्यातून त्याने तिच्याकडे बघितलं, आणि जरा तिरका होऊन, पडद्याच्या मध्ये खांदा आणून, पुढचं लिहू लागला. खांदा मध्ये असूनही तिला दिसत होतं.

चूक माझी. दुसऱ्या कोणाची नाही.

त्याने ते पाठवून दिलं, कॉम्प्युटर बंद केला आणि तिच्याकडे वळून बघितलं. लेकराचं भांडण परस्पर मिटवून आलेल्या बापासारखा त्याचा चेहरा झाला होता. तिने काही न कळल्यासारखं केलं.

"जेवला नाहीस म्हणे दुपारी," ती म्हणाली.

"भूक," तो म्हणाला. "आता."

तिने होतं ते गरम केलं, थोडं नवीन केलं, आणि उजेड असतानाच दोघं जेवायला बसले. तो डाव्या हाताने सावकाश जेवला, आणि बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवला. तिला भूक नव्हती. पण तो मधूनमधून तिच्या ताटाकडे बघत होता, ही मनाला लावून घेईल की काय म्हणून, तेव्हा तिनेही पान संपवलं.